सात अक्षरांची जागा

अंबडची सेकंड शिफ्ट सुटते अकराला.
त्रिमूर्ती चौकातून घरी येईतो
हातमोज्यांतसुद्धा बोटं सापडत नाहीत.
ताट झाकलेलं असतं. ते तसंच ठेवून
मी आधी लॅपटॉप उघडतो.

तळहाताएवढं यंत्र होतं ते,
मस्कतच्या मामांनी आणलेलं, जांभळं,
दोन पेन्सिल सेलवर चालणारं.
पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता.
भारनियमनात आम्ही जिन्यात बसायचो,
सोनारांच्या इन्व्हर्टरच्या दिव्याखाली,
पडदा तिरपा धरून, डोक्याला डोकं आपटत.
सेल मेले की दातांनी चावायचे,
गच्चीवर उन्हात घालायचे,
अजून दहा मिनिटं निघायची त्यातून.

आता कॉम्प्युटर त्या यंत्राचं सोंग घेतो.
पेठकडच्या बोहाड्यात
शाळेतले मास्तर मुखवटा चढवून येतात,
पायांवरून ओळखूही येतात,
तरी पोरं घाबरतात,
तसा मी फसतो. ठरवून.
एक सेटिंगही आहे,
पडदा मुद्दाम मळकट, हिरवट करणारं.
एवढा लखलखीत पडदा घ्यायचा
आणि त्यावर जुना अंधार मागून आणायचा.
मी आणतो.

नाव लिहायला खेळात सात अक्षरांची जागा होती.
इंग्रजीत शलाका बरोब्बर सात भरायची.
पुष्कराज मात्र शेपटी तुटून पुष्कर.
आणि खेळ जतन करायची जागा एकच.
नवा मांडला की जुना पुसला.

मला बारावं वर्ष. तिची दहावीची प्रिलिम.
ती आत भूमितीत अडकलेली,
आणि मी तिला विचारलं होतं की नाही
ते आठवत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो.
पडद्यानं मात्र विचारलं होतं, नक्की ना?
मी हो दाबलं.
एकतीस तास चाळीस मिनिटं.
ती ओरडली नाही. यंत्र हातात घेतलं, पाहिलं,
परत दिलं,
आणि आईशेजारी गवार मोडत बसली.

तर हे माझे नोव्हेंबर-डिसेंबर.
नाव शलाका. अगदी पहिल्या गावापासून.
वेग चौपट करायची कळ आहे, तिला हात लावत नाही.
वाटेल तिथे थांबून तिथूनच पुन्हा जगायची सोय आहे,
ती दोनदा वापरली. गुहेत होतो,
आणि पहाटे पाण्याची मोटर लावायची होती.
तिला तर जतन करायला
धर्मशाळेतल्या म्हाताऱ्यापर्यंत चालत जावं लागायचं.

बायको म्हणाली, हे काय चाललंय रोज?
म्हटलं, बहिणीचं देणं आहे.
मग भाऊबीजेला पाचशेच का टाकलेस, ती म्हणाली.

जानेवारीत शलाका आली सिन्नरहून,
हुरड्याची पिशवी घेऊन.
मी काही न बोलता पडदा तिच्याकडे फिरवला.
दगडी पूल. पलीकडे किल्ला. वर तिचं नाव.
एकतीस तास बेचाळीस मिनिटं.

"हा पूल! अरे देवा.
महिनाभर अडकले होते मी इथे, रोज मरायचे.
तू पुसलंस ना, तेव्हा म्हटलं
सुटले एकदाची."
आणि हुरडा परातीत ओतला.

मी खिडकीतून पांडवलेण्यांच्या डोंगराकडे बघत राहिलो.
रात्री तिथे बघण्यासारखं काही नसतं.

दोन वाजता पाणी प्यायला उठलो,
तर स्वयंपाकघरात हिरवट उजेड.
शाल, कानटोपी, शलाका.
कुठली कळ उडीची, कुठली तलवारीची,
तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं.
लॅपटॉप दोन्ही कडांना धरून
जिथे बटणं असायची
तिथल्या कोऱ्या प्लास्टिकवर
ती दोन्ही अंगठे दाबत होती, जोरात.
पूल तसाच.

"सेल गेले वाटतं रे,"
ती म्हणाली, वर न बघता.